पाहुणा, यजमान आणि परतीचे तिकीट : डहाणू-तलासरीच्या निमित्ताने

गेल्या दोन दशकांत जगभरच्या दूरचित्रवाणीवर एका ठरावीक साच्याचा कार्यक्रम स्थिरावला आहे. शहरात सुखाने राहणारे एखादे कुटुंब निवडायचे, त्याला दूरच्या आदिवासी वस्तीत नेऊन सोडायचे आणि तेथे त्याची जी त्रेधातिरपीट उडते तिचे चित्रण घरोघर पोहोचवायचे. २००५ साली नेदरलँड्समध्ये 'ग्रूटन आउट दे रिम्बू' हा कार्यक्रम सुरू झाला. नावाचा अर्थ साधारणपणे 'रानातून नमस्कार' असा. त्यात डच कुटुंबे नामिबियातील हिंबा, इंडोनेशियातील मेंतावाई अशा समाजांत काही दिवस राहून आली. २००८ साली बीबीसीने ब्रिटिश स्त्रियांना महिनाभर निरनिराळ्या जमातींत पाठवणारा 'ट्रायबल वाइव्ह्ज' काढला. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये झी मराठीवर 'जाऊ बाई गावात' आले. तेथे आदिवासी पाडा नव्हता, साधे खेडे होते, पण शहरी मुलींना शेणामातीत उतरवून त्यांच्या फजितीची आणि पुढे त्यांच्या 'बदला'ची गोष्ट सांगण्याचा साचा तोच. पहिल्या भागात किळस, मधल्या भागांत भांडणे, शेवटच्या भागात निरोपाचे अश्रू. हा क्रम इतका पक्का आहे की रसशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात बीभत्सापासून करुणापर्यंतचा प्रवास बोटाने दाखवता यावा.

या कार्यक्रमांवर मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनी पुष्कळ टीका केलेली आहे व ती बरीचशी रास्त आहे. तिची पुनरावृत्ती करण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांला वेगळ्याच गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. परक्या संस्कृतीत जाऊन राहणे हा प्रयोग महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या उत्तर टोकाला, डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत, कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून होत आलेला आहे. त्यातून मराठीला दोन महत्त्वाची पुस्तके मिळाली, जी आपण वर्गात शिकवतो अथवा निदान संदर्भासाठी सुचवतो. तेव्हा दूरचित्रवाणीच्या साच्याला आपण जे प्रश्न विचारतो, ते या इतिहासाला आणि या पुस्तकांनाही विचारून पाहायला हवेत. पाहुण्याला बोलावले कोणी? राहण्याच्या अटी कोणी घातल्या? आणि मुक्कामाची हकिगत अखेर कोणाच्या तोंडून आपल्यापर्यंत आली?

या प्रदेशात परक्यांनी येऊन राहण्याची सर्वांत जुनी कथा पारशांची. संजाण हे गाव आज गुजरातेत, तलासरीच्या हद्दीला लागून असलेल्या उंबरगाव तालुक्यात आहे. परंतु १९६० पूर्वी उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यातच होता आणि तलासरीचा मुलूख त्या तालुक्याचाच भाग होता. इराणातून आलेले जरथुष्ट्री संजाणला उतरले याची हकिगत 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात आहे. ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस बहमन कैकोबाद याने रचले, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी. त्यामुळे त्याला इतिहास म्हणून किती मानायचे याविषयी मतभेद आहेत. दुधात साखर विरघळल्याची सर्वपरिचित गोष्ट या काव्यात मुळीच नाही, ती मागाहूनची मौखिक भर आहे. काव्यात आहेत त्या यजमान राजाने घातलेल्या अटी : येथील भाषा बोला, स्त्रियांनी येथील वेष करावा, शस्त्रे खाली ठेवा, विवाह संध्याकाळी लावा. आम्हांला या यादीचे महत्त्व वाटते ते असे की तीत अटी यजमानाच्या आहेत. आलेल्याने काय सोडायचे हे ज्याच्या दारी तो आला त्याने ठरवले. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात अटींचा कागद निर्मिती-संस्थेच्या कचेरीत तयार होतो, आणि यजमान कुटुंब त्यावर अंगठा उठवते तेव्हा पाहुण्यांची तिकिटे बहुधा काढून झालेली असतात.

मात्र 'किस्सा'त आणखी एक गोष्ट आहे, किंवा नाही. राजा आहे, पुरोहित आहेत, समुद्र आणि वादळ आहे, वारली नाहीत. पुढे संजाण पडल्यावर पवित्र अग्नी बारा वर्षे बोर्डीजवळच्या बहारोटच्या डोंगरात लपवून ठेवला होता अशी परंपरा आहे. पण त्या डोंगराच्या आसपास कोणत्या लोकांची वस्ती होती, बारा वर्षे या पाहुण्यांना धान्य-लाकूड कोणी पुरवले, याविषयी परंपरा गप्प आहे. यजमान म्हणून ज्याची नोंद होते तो राजा असतो. ज्याच्या रानात मुक्काम पडतो त्याची नोंद होत नाही. डहाणूच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडताना दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या भागात बाहेरून आलेल्यांची संख्या वाढली. सावकार आले, गवताचे व लाकडाचे व्यापारी आले, जंगलाचे ठेकेदार आले. इराणातून उपासमार आणि छळ यांना कंटाळून निघालेली जरथुष्ट्री कुटुंबेही आली. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या वाड्या उभ्या करण्यात या इराणी कुटुंबांचा वाटा मोठा आहे. तीही परक्या संस्कृतीत राहायला आलेली कुटुंबेच, आणि त्यांच्या कष्टांची कथा स्वतंत्रपणे लिहिली जावी अशी आहे. पण एकूण परिणाम असा झाला की, दोन-तीन पिढ्यांत पाहुणे जमिनीचे मालक झाले आणि यजमान त्यांचे वेठबिगार. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याच्या अहवालात या अवस्थेची सरकारी भाषेतली, आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारी, नोंद आहे. मालकाच्या शेतावर बिनमोबदला राबायचे, मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत कापायचे, आणि लग्नासाठी कर्ज काढले तर नवरा-बायको दोघांनी ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, सावकाराकडे गडी म्हणून राहायचे. यालाच 'लग्नगडी' म्हणत. वारल्यांत लग्नाचा विधी अनेकदा वर्षानुवर्षे लांबत असे, मुलेबाळे झाल्यावर आईबापांचे लग्न लागे. त्याकडे बाहेरचे लोक 'रानटी चालीरीत' म्हणून पाहत. लग्न लागले की आपण विकले जातो, हे ज्याला ठाऊक आहे त्याने लग्न लांबवले तर त्यात रानटीपणा कसला? चालीरीतीचे चित्रण करणाऱ्या कोणत्याही माध्यमाला हा हिशेब सहसा दिसत नाही, कारण तो वहीत असतो आणि वही मालकाच्या घरी असते.

आता १९४५ या वर्षाकडे येऊ. याच एका वर्षात या प्रदेशाशी संबंधित तीन गोष्टी घडल्या. के. जे. सावे या सरकारी अधिकाऱ्याचा 'द वारलीज' हा इंग्रजी ग्रंथ मुंबईहून निघाला. २३ मे रोजी तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची परिषद भरली. आणि वर्षअखेरीस ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. एक पाहायला आलेला, दुसरे लढ्यात उतरलेले, तिसऱ्या शिकवायला आलेल्या. सावे यांच्या ग्रंथाविषयी येथे इतकेच म्हणतो की, देवदेवता, लग्नविधी, अंत्यविधी यांची त्यातील नोंद आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडते.

झरीच्या परिषदेकडे वळण्यापूर्वी टिटवाळ्याचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची स्थापना-परिषद झाली. तिला उंबरगावकडचे काही वारली आपणहून गेले होते. त्यांतील माह्या धांगडा यांनी तेथे उभे राहून आपल्या लोकांची स्थिती सांगितली. गोदावरीबाई आणि शामराव परुळेकर या भागात आले ते या बोलावण्यामुळे. गोदावरीबाई १९०७ साली पुण्यातील एका सुस्थित गोखले घराण्यात जन्मलेल्या, कायद्याच्या पदवीधर, सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य. वारली पाड्यांपासून याहून दूरचे अंतर त्या काळच्या महाराष्ट्रात काढणे कठीण. तरीही त्यांच्या मुक्कामाची सुरुवात त्यांच्या जिज्ञासेतून झाली नाही, यजमानाच्या निरोपातून झाली, हे आम्हांला निर्णायक वाटते. पुढचे सारे त्यातून निघते.

झरीला सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करायची नाही, रोख मजुरीशिवाय मालकाच्या शेतावर पाऊल ठेवायचे नाही, असे ठरले. त्यानंतरच्या थोड्या अवधीत गावोगाव लग्नगडी मुक्त झाले. पावसाळ्यानंतर गवतकापणीचा प्रश्न आला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी होती. मालकांनी नाकारली आणि संप झाला. १० ऑक्टोबरच्या रात्री तलवाडा येथे हजारो वारली गोळा झाले होते. बाई तेथे येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी अफवा पसरवण्यात आली होती. बाई आल्या नाहीत, त्या तेथे नव्हत्याच. आले ते पोलीस. गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथीदार मारले गेले. पुढच्या वर्षी लढा जंगलकामाच्या मजुरीपर्यंत गेला, परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले, आणि वारल्यांनी संप त्यांच्या अनुपस्थितीतही चालू ठेवला.

तलवाड्याच्या प्रसंगाकडे पाहुणा-यजमान या नात्याने पाहिले तर काय दिसते? यजमान पाहुणीच्या रक्षणासाठी रात्री बाहेर पडले आणि मेले. आदरातिथ्याची याहून मोठी किंमत कोणती असू शकेल हे आम्हांला सांगता येत नाही. या किमतीची जाणीव गोदावरीबाईंना आयुष्यभर होती असे त्यांचे पुस्तक वाचताना जाणवते. 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली प्रसिद्ध झाले, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. घटना आणि लेखन यांत पंचवीस वर्षे आहेत. मधल्या काळात तुरुंगवास झाले, १९६५ साली शामराव तुरुंगातच वारले. दहा दिवसांच्या मुक्कामानंतर अकराव्या दिवशी कॅमेऱ्यासमोर बसून 'मी काय शिकले' हे सांगणाऱ्या पाहुणीशी या पंचवीस वर्षांची तुलना करण्याचा मोह होतो. ती तुलना थोडी स्वस्त आहे हे आम्हांला कळते. तरी ती पूर्णपणे टाळावी असेही वाटत नाही. अनुभव आणि निवेदन यांतील अंतर ही वाङ्मयीन बाबच आहे. या पुस्तकातील भाकर, चटई, पायवाट, अंधार हे तपशील नवलाईचे म्हणून येत नाहीत. ते सवयीचे होऊन गेल्यावर आठवलेले तपशील आहेत. झोपडीत काय नाही याची यादी करणारी नजर त्यात फार काळ टिकत नाही. कोणाचे कोणाशी काय देणे लागते, कोणाला कोणाची भीती वाटते, याकडे ती लवकर वळते. आमच्या मते पुस्तकाचे खरे सामर्थ्य येथे आहे, त्यातील आवेशात नाही.

असे असले तरी शीर्षकाविषयी एक शंका नोंदवायला हवी. 'जागा होतो' म्हणताना त्याआधी तो झोपला होता असे गृहीत धरावे लागते. जो माणूस उंबरगावहून टिटवाळ्यापर्यंत आपल्या पायांनी गेला, तो झोपलेला होता काय? पुस्तकातच या गृहीतकाला छेद देणारे प्रसंग आहेत. लेखिका प्रामाणिक असल्यामुळे ती आपल्या शीर्षकाविरुद्धचा पुरावा लपवत नाही. पण निवेदन अखेरपर्यंत तिचेच राहते. वारली बोलतात ते तिच्या आठवणीतून, आणि बहुतेक वेळा आपल्या प्रमाण मराठीच्या वळणावर. वारली बोलीचे रूप पुस्तकात अधूनमधून चमकते आणि विरते. माह्या धांगडा यांनी टिटवाळ्यात जे सांगितले ते त्यांच्या शब्दांत आपल्याकडे नाही. विद्यार्थ्यांनी हे पुस्तक वाचताना या गाळलेल्या जागांवर बोट ठेवायला शिकावे. त्याने पुस्तक लहान होत नाही.

दुसरा मुक्काम कोसबाडचा. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचे मोठे काम, मग दादरचे शिशुविहार, असा सारा लौकिक मागे ठेवून त्या आल्या. त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ. बालविधवा, शिक्षिका, वय पस्तीस. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलले, तेव्हा ताराबाईंनी पासष्टी गाठलेली होती. येथे बोलावणे पाड्यांतून आलेले नव्हते. बोर्डीत आचार्य भिसे यांच्यासारख्यांनी शिक्षणाचे वातावरण उभे केलेले होते, त्यातून हे निमंत्रण आले. म्हणजे यजमान आणि निमंत्रक निराळे. त्याचा परिणामही लगेच दिसला : शाळा तयार, मुले येईनात. मुले गुरे राखायला जात, धाकट्या भावंडांना सांभाळत, आणि त्यांच्या घरात या कामांना पर्याय नव्हता.

यापुढे जे घडले त्याला आम्ही या सबंध विषयातील सर्वांत बोलके उदाहरण मानतो. ताराबाईंनी अट उलटी केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. मुले गुरांमागे जातात तर कुरणात शाळा भरवू, ती 'कुरणशाळा'. आई कामाला जाते तर तिच्या अंगणात बालवाडी घेऊ, ती 'अंगणवाडी'. माँटेसरीची महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, गोटे, पाने यांचीच साधने झाली. पाहुण्याने यजमानाच्या दिनक्रमाला शरण जाणे म्हणजे काय, याचा हा व्यावहारिक अर्थ. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात पाहुणा यजमानाबरोबर गुरे राखायला जातो तेव्हा त्याला गुरे नीट राखता येत नाहीत हाच विनोद असतो. कुरणशाळेत गुरे राखणे ही शिकवणाऱ्याने मान्य केलेली वस्तुस्थिती होती. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. आज तो उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो या किनाऱ्यावरच्या वस्त्यांत घडला हे ठाऊक असते.

कोसबाडच्या प्रयोगावर आक्षेपही आहेत. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, प्रार्थना शिकवणे, प्रमाण मराठीत गाणी म्हणवून घेणे, यात एका मध्यमवर्गीय संस्कृतीचा आग्रह होता हे खरेच. अनुताईंच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मकथनात हा आग्रह जागोजागी आढळतो. मात्र त्याच पुस्तकात शिकवणारी बाई स्वतः किती बदलत गेली हेही आढळते. १९४५ पासून १९९२ मध्ये निधन होईपर्यंत अनुताई या परिसरातच राहिल्या, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे. इतक्या मुक्कामानंतर पाहुणा हा शब्द उरतो का, याचा निर्णय आम्ही करू शकत नाही. तो पाड्यांवरच्या माणसांनी करायचा.

आतापर्यंत आपण येणाऱ्यांविषयी बोललो. या कार्यक्रमांचा एक उलटा प्रकारही निघाला आहे. डच कार्यक्रमाच्या यशानंतर यजमानांना नेदरलँड्सला आणून त्यांची प्रतिक्रिया टिपणारी पुढची मालिका झाली. ब्रिटनमध्ये २००७ साली दक्षिण पॅसिफिकमधील तान्ना बेटावरच्या पुरुषांना इंग्लंड दाखवण्यात आले. त्यांच्या भाबड्या वाटणाऱ्या प्रश्नांतून युरोपच्या एकाकीपणावर चांगले भाष्य झाले असे समीक्षकांनी म्हटले. वारल्यांच्या बाबतीत असा उलटा प्रवास घडला काय?

चित्रकलेच्या क्षेत्रात घडला. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त या भागात आले. लग्नाच्या वेळी सवासिनी भिंतीवर जो चौक काढत, ज्यात पालघट देवी असते, त्या परंपरेतून गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रे कागदावर आली आणि मुंबईच्या कलादालनांत पोहोचली. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत मशे यांचे प्रदर्शन झाले, २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. हा सन्मानाचा प्रवास होय, आणि तो घडवणाऱ्यांविषयी आम्हांला आदर आहे. मात्र बायकांच्या हातचा विधी पुरुषांच्या हातची कलाकृती होऊन बाहेर पडला हेही त्याच प्रवासात घडले. आणि परक्या देशात आदिवासी कलावंताला नेऊन ठेवण्याची एक काळी बाजू आपल्या शेजारच्या राज्याने पाहिलेली आहे : मध्य प्रदेशातील परधान गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम जपानमधील एका संग्रहालयात निवासी कलावंत म्हणून गेले असता २००१ साली तेथेच त्यांनी जीवन संपवले. त्या मुक्कामाचे चित्रण कोणी केले नव्हते.

परंतु मशे किंवा श्याम यांच्यासारखे प्रवास अपवादात्मक. डहाणू-तलासरीतून दरवर्षी जे खरे स्थलांतर घडते ते वेगळेच आहे. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. आईबाप, मुले, कोंबड्या, भांडी, सारा संसार टेम्पोत भरून एका अनोळखी मालकाच्या आवारात झापाच्या खोपटात सहा-सात महिने राहायचे, त्याची भाषा शिकायची, त्याच्या वेळापत्रकाने उठायचे. मुलांची शाळा सुटते, अंगणवाडीतले नाव तेथेच राहते. दूरचित्रवाणी ज्याला 'परक्या संस्कृतीत कुटुंबाचा मुक्काम' म्हणते, त्याची व्याख्या येथे अक्षरशः पूर्ण होते. फक्त याला कोणी अनुभव म्हणत नाही, उचल म्हणतात. कारण भट्टीवर जाण्याआधी पैसे उचललेले असतात आणि ते फिटेपर्यंत परतता येत नाही. लग्नगडी या शब्दाच्या शेजारी हा शब्द ठेवून पाहावा.

काही तरुण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. ज्यांच्या आजोबांनी समुद्राकडे पाठ करून डोंगरात आयुष्य काढले, त्यांनी सौराष्ट्राच्या बंदरातून खोल समुद्रात जायचे. यांतल्या काहींची बोट सागरी हद्दीपाशी पाकिस्तानच्या ताब्यात सापडते आणि मग मुक्काम कराचीच्या मलीर तुरुंगात पडतो, काहींचा वर्षानुवर्षे. सुटका दोन सरकारांमधील याद्यांच्या देवघेवीवर अवलंबून. घरी राहिलेल्यांना बातमी कधी कळते, कधी कळत नाही. परतीचे तिकीट नसलेला हा प्रवास आपल्या साहित्यात अजून जवळपास आलेला नाही. आला तर तो कोणी लिहील, आणि कोणत्या बोलीत?

आम्ही अध्यापक या साऱ्याबाहेर उभे आहोत असे नव्हे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली, आणि तिच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरासाठी महाविद्यालये पाड्यांवर मुले घेऊन जातात. आमच्यापैकी बहुतेकांनी अशी शिबिरे घेतलेली आहेत. पहिल्या दिवशी नाक मुरडणे, मधल्या दिवशी कुरबुरी, शेवटच्या रात्री शेकोटीपाशी हुंदके आणि पत्त्यांची देवघेव : साचा नवा नाही हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. तरी त्या शिबिरांतून परतलेल्या शंभरांपैकी एखादा विद्यार्थी पुढे पुन्हा पाड्यावर गेला, रेशनकार्डाच्या अर्जासाठी तहसील कचेरीत कोणाबरोबर उभा राहिला, हेही आम्ही पाहिले आहे. त्या एकाला कोणी परत बोलावले होते. बाकीच्यांना बोलावले नव्हते, किंवा बोलावलेले ऐकू आले नव्हते. वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता वर्गात घेताना हा फरक विद्यार्थ्यांना फार लवकर कळतो; मंचावर कोण बसले आणि खाली कोण, हे त्यांनी शिबिराच्या समारोपात नुकतेच पाहिलेले असते.

पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तलासरीत आज गोदावरीबाई व शामराव यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. तेथे मराठी घेणारा विद्यार्थी 'जेव्हा माणूस जागा होतो' उघडतो तेव्हा तो पाहुण्याच्या बाजूने वाचत नसतो. त्याच्या आजीने कोणाला भाकर दिली, कोणत्या रात्री कोण तलवाड्याकडे गेले, हे त्याला घरी ऐकायला मिळालेले असू शकते, आणि पुस्तकाशी ते जुळेलच असे नाही. अशा वाचनांची टिपणे झाली पाहिजेत, शक्यतो त्यांच्या बोलीत, आणि आपण ती आपल्या भाषेत सुधारून घेऊ नयेत.

मार्च २०१८ मध्ये याच किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईला पायी आला. नाशिक जिल्ह्यातले आदिवासी त्यात बहुसंख्य होते, ठाणे-पालघरचेही होते. ११ मार्चच्या रात्री हजारो माणसे शीवच्या सोमय्या मैदानावर मुक्कामाला होती. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. सकाळी रस्ते अडू नयेत म्हणून ती पहाटेच्या अंधारात उठून आझाद मैदानाकडे चालू लागली. शहरातल्या माणसांनी रस्त्यात पाणी, बिस्किटे, चपला दिल्या. त्या दिवशी सर्व वाहिन्यांचे कॅमेरे तेथे होते, आणि फोड आलेल्या तळव्यांची चित्रे देशभर दाखवली गेली. मोर्चाची एक मुख्य मागणी होती २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कसत असलेल्या जमिनीचे दावे मंजूर करण्याची. ती वाचून दाखवायला वाहिन्यांना पायांच्या मानाने बराच कमी वेळ मिळाला.